शेवटचा फर्मा

"हात लावू नका मामा, शाई ओली आहे!" मशिनवाला ओरडला, पण तोवर खळमामांचा अंगठा कागदावर टेकला होता आणि अर्धी ओळ अंगठ्यावर उमटली होती.

"लावलात? लावलातच! वय झालं तरी तुमचा हात काही जागेवर राहत नाही."

"माझा हात जागेवर राहिला तर तुझ्या या रद्दीचं पुस्तक कसं व्हायचं? तू काय, कागद काळे करतोस आणि मोकळा होतोस," मामा म्हणाले आणि त्यांनी अंगठा विजारीला पुसला. लांब टेबलाशी बसून फर्म्यांना, म्हणजे सोळा-सोळा पानं छापलेल्या मोठ्या कागदांना, घड्या घालणाऱ्या बाया फिसकन हसल्या.

छापखाना चर्चचा होता. बंदराकडे जाणाऱ्या उतारावर एक बसकी दगडी इमारत; पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत बांधणी. त्या मागच्या खोलीत मामांची उभी हयात गेली होती. रोज सकाळी आल्या आल्या ते पिठाची खळ शिजवायला ठेवत, किडे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकत, आणि दिवसभर तो आंबूस वास अंगावर वागवत. रविवारी चर्चमध्ये लहान पोरं नाक धरून त्यांच्या शेजारून उठायची. खळमामा हे नाव असं पडलं आणि मग ते इतकं चिकटलं की खरं नाव पगाराच्या दिवशी मॅनेजर घेई तेवढंच. बायकोलासुद्धा सगळे मामी म्हणू लागले.

मामांचा एक नेम होता. जे पुस्तक बांधायचं ते वाचायचं नाही. कडा बघायच्या, आकडे बघायचे, शिलाई बघायची. आत काय लिहिलंय ते लिहिणारा आणि वाचणारा बघून घेतील. "स्वयंपाक्यानंच सगळी पातेली चाटली तर पंगतीला काय वाढायचं?" असं ते म्हणत. या नव्या पुस्तकाचेही चौदा फर्मे घड्या घालून त्यांच्या फळीवर येऊन पडले होते आणि मामांनी त्यातली एकही ओळ वाचली नव्हती. एवढंच ठाऊक होतं की निवृत्त झालेल्या पाळकसाहेबांनी रहस्यकादंबरी लिहिली आहे. ते ऐकून मामा मनमुराद हसले होते. ज्या माणसाला प्रवचन कुठं थांबवायचं ते जन्मात कळलं नाही, तो रहस्य काय राखणार!

त्या सकाळी नेम मोडला तो अंगठ्यामुळे. कुठली ओळ बिघडली ते पाहायला मामा कागदावर वाकले. न दुमडलेला फर्मा वाचायला विचित्र असतो. एका बाजूला आठ पानं, काही सरळ, काही डोक्यावर उभी, आणि पहिल्याच्या शेजारी थेट सोळावं. बिघडलेली ओळ मात्र मामांच्या समोर सरळ होती. 'तिन्ही सायकलींना मिळून एकच साखळी आणि एकच कुलूप,' असं तिथं छापलेलं होतं.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ते कागदाभोवती फिरले. उलट्या पानांसाठी टेबलाच्या पलीकडे गेले, कागद हळूच परतवला, पुन्हा अलीकडे आले. मशीन थांबलं होतं. घड्या घालणाऱ्या बायांचा आवाज बंद झाला होता.

"मामा," मशिनवाला हलक्या आवाजात म्हणाला, "आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण तोंड कुणी उघडायचं?"

"चूक नाही तुमची," मामा म्हणाले. "मला नाही कळलं, मीच वाचत नाही ना." आणि ते मागच्या खोलीत जाऊन बसले. खळ करपल्याचा वास पुढच्या खोलीपर्यंत आला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

गोष्ट त्यांचीच होती. गावाचं नाव बदललेलं, माणसांची नावं बदललेली, बाकी सगळं तेच. नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी उपासना संपल्यावर मामांचा मुलगा आणि त्याच्या बरोबरीची दोन पोरं, एक मुलगा आणि एक मुलगी, सायकली घेऊन किनाऱ्याच्या रस्त्यानं गेली ती परत आली नाहीत. सोळा-सतरा वर्षांची पोरं. सायकली धक्क्याच्या भिंतीला टेकून उभ्या सापडल्या, एकाच साखळीनं जखडलेल्या. बंदरातली एकही होडी हलली नव्हती. समुद्रानं काही परत दिलं नाही, ना चप्पल, ना टोपी. पोलीस आले, कोळ्यांनी जाळी टाकली, चर्चमध्ये आठवडाभर प्रार्थना चालली. मग हळूहळू सगळं थंडावलं. बाकीच्या दोघांचे आईबाप एकेक करून गाव सोडून गेले. मामा-मामी कुठं जाणार? मुलगा परत आला तर त्याला दुसरं घर कसं सापडणार?

मामांचा सगळा भरवसा त्या कुलपावर होता. ज्याला जीव द्यायचा आहे किंवा ज्याला समुद्रानं ओढून नेलं आहे तो सायकलीला कुलूप कशाला लावील? पोरं कुठंतरी गेली. कुणाच्या तरी गाडीत बसून, कुठल्या तरी मोठ्या गावी. असतील कामाला लागलेली. हे त्यांनी पोलिसांना सांगितलं, पाळकांना सांगितलं, पुढं पुढं लोक माना डोलावून दुसरा विषय काढू लागले तेव्हा स्वतःलाच सांगत राहिले.

आणि या शेवटच्या फर्म्यात पाळकसाहेबांनी पोरांना मारून टाकलं होतं. कादंबरीतली चर्चमध्ये पेटी वाजवणारी बाई शोध घेत घेत खडकाखालच्या एका गुहेपाशी पोचते. ओहोटीला तिचं तोंड उघडं पडतं, भरतीला बुजतं. आत तिघं एकमेकांना टेकून बसलेली सापडतात. पुढं दफन, घंटा, सगळं गाव पायी चालत. सोळा पानं. आणि या पुस्तकाची पहिली प्रत येत्या रविवारी, भर चर्चमध्ये, मामींच्या हातात द्यायची असं पाळकसाहेबांनी जाहीर करून ठेवलं होतं.

घरी आले तेव्हा मामी बटाटे सोलत होत्या. मामांचं घर छापखान्यापासून लांब नव्हतं. पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार वाळूवर. मुलगा नेहमी मागच्या दारानं यायचा, कारण पुढच्या दारानं आला की वाळूच्या पायांवरून आईची बोलणी खावी लागत. तो गेल्यापासून मागच्या दाराला कडी लागत नसे. दार नुसतं लोटलेलं असे. मामींनीच ते तसं ठेवलंय, हे मामा धरून चालले होते, आणि बाईमाणसाच्या आशेला हात लावायचा नाही एवढी अक्कल आपल्याला आहे, याचं त्यांना मनातून बरं वाटे.

"पुस्तक कुठवर आलं?" मामींनी विचारलं.

"कुठलं पुस्तक?"

"पाळकसाहेबांचं. दुसरं कुठलं असणार?"

"चाललंय."

"शेवटचा फर्मा छापला का?"

मामा चपला काढायला वाकले. "मशीन बिघडलंय," ते म्हणाले. "आज काही झालं नाही."

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग नजर त्यांच्या अंगठ्यावर गेली, तिथं अजून काळं होतं. "साबण लावा," त्या म्हणाल्या आणि पुढचा बटाटा उचलला.

मामीसुद्धा छापखान्यातल्याच. लग्नाआधी त्या त्याच लांब टेबलाशी फर्म्यांना घड्या घालत. कोपऱ्याला कोपरा असा बसे की मामांना ठोकून सारखं करायला काही उरत नसे. लग्नाचं विचारताना बिचारे मामा एवढंच म्हणू शकले होते, "तुमच्या घडीला दुसऱ्यांदा हात लावावा लागत नाही." छापखान्यातल्या बायांनी हे वाक्य पुढं कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरलं. मुलगा गेल्यावर मात्र मामींनी काम सोडलं. तेव्हापासून घरात दोन माणसं होती आणि बोलणं एका माणसापुरतंही नव्हतं. भांडण नाही, रुसवा नाही. नुसतं जपून बोलायचं, जपून चालायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा पाळकसाहेबांकडे गेले. चर्चच्या मागं दोन खोल्यांत ते एकटेच राहत. गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी घेऊन खुर्चीत बसले होते. ऐकायला कमी येई म्हणून मामांना मोठ्यानं बोलावं लागलं, आणि असलं बोलणं मोठ्यानं बोलणं मामांच्या अगदी जिवावर आलं.

"साहेब, तुमचं पुस्तक वाचलं."

"तू? वाचलंस?" पाळकसाहेबांना हसू आलं. "चमत्कारच झाला म्हणायचा."

"शेवट तेवढा वाचला."

"अरे, रहस्यकथेचा शेवट आधी वाचतात का?" ते म्हणाले, आणि मग मामांचा चेहरा पाहून त्यांचं हसू विरलं. "बस. बस आधी."

मामा बसले नाहीत. "साहेब, पोरं परत आणा ना. कादंबरीच आहे. सगळं तुमच्या हातात आहे. त्या पेटीवाल्या बाईनं एवढा शोध घेतला, आणखी चार पानं घेऊ दे. पोरं कुठंतरी असतील, चुकली असतील, तोंड दाखवायची लाज वाटत असेल. फर्मा पुन्हा जुळवू, पुन्हा छापू. मॅनेजरच्या मी पाया पडेन."

पाळकसाहेबांनी पाण्याची पिशवी बाजूला ठेवली. "आणली होती परत," ते म्हणाले. "पहिल्या खेपेला तसाच शेवट लिहिला होता मी. तिघंही परत येतात, घंटा वाजते, आया रस्त्यानं धावत सुटतात. लिहिताना माझंच मला रडू आवरेना."

"मग काय बिघडलं?"

"एका माणसाला वाचायला दिलं. ते माणूस म्हणालं, साहेब, हे खोटं आहे. तुम्ही इतकी वर्षं आम्हाला खरं सांगत आलात, आता म्हातारपणी खोटं कशाला सांगता?"

"कोण हा शहाणा?"

"ते नाही सांगता यायचं. शब्द दिलाय."

"त्याचं पोर गेलेलं नसणार," मामा म्हणाले. पाळकसाहेब त्यांच्याकडे पाहत राहिले.

"आणि पहिली प्रत तिच्या हातात द्यायची म्हणता!" मामांचा आवाज चढला, आणि या वेळी तो पाळकसाहेबांच्या कानांमुळे चढलेला नव्हता. "ती बाई अजून मागच्या दाराची कडी लावत नाही, साहेब. कुठं चप्पल वाजली तर मान वर करते. त्या वाट बघण्यावर ती जगतेय. हे वाचून ती एक दिवस तरी जगेल का? माझ्या घरात आता ती एकच उरलीय."

"प्रार्थना करू या का?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"तुम्ही करा," मामा म्हणाले. "मी खळ ठेवून आलोय. आज पुन्हा करपायला नको."

शनिवारी प्रती बांधून तयार झाल्या. साध्या प्रती मामांनी झरझर उरकल्या. मामींच्या प्रतीसाठी त्यांनी निळं कापड राखून ठेवलं होतं. बायांना लवकर घरी पाठवलं, मशिनवाल्याला कसल्या तरी निमित्तानं बंदरावर पिटाळलं आणि पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत फर्मे एकावर एक ठेवले. चौदाव्या फर्म्याचं शेवटचं पान त्यांनी मुद्दाम वाचलं. पेटीवाली बाई कंदील घेऊन खडकांपाशी उभी राहते आणि पाणी उतरू लागतं. तिथंच वाक्य संपत होतं, पानही संपत होतं. देवानंच सोय करून ठेवली, असं मामांना वाटलं. इथं थांबलं तर काहीही होऊ शकत होतं. पाणी उतरलं असतं आणि पलीकडे कुणीच नसतं.

पंधराव्याच्या जागी त्यांनी तसल्याच कागदाची कोरी पानं शिवली, म्हणजे जाडी कमी भरणार नाही. दोरा ओढला, पाठीला सरस लावला, कडा कापल्या, पुठ्ठा चढवला, खळ पुसली आणि पुस्तक शिकंज्यात आवळलं. हात सफाईनं चालत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. जन्मात पहिल्यांदा मामांनी जाणूनबुजून चुकीचं पुस्तक बांधलं होतं. चर्चमधल्या चार बाया शेवटाबद्दल बोलतील, कुणी ना कुणी मामींना विचारील, याचा विचार त्यांनी केलाच नाही. त्यांना रविवार पार पडायला हवा होता.

उरलेला तो एक फर्मा, न दुमडलेला, अंगठ्याच्या डागासकट टेबलावर पडून होता. मामांनी तो रद्दीत टाकायला उचलला, पण टाकवेना. चांगला फर्मा कुणी टाकतं का? शेवटी गुंडाळी करून त्यांनी तो डब्याच्या पिशवीत, डब्याखाली खुपसला.

रविवारी सगळं ठरल्याप्रमाणं झालं. पाळकसाहेब जरा जास्तच बोलले. मामी पुढं गेल्या, दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं, आणि जागेवर येता येता त्यांचा अंगठा पुस्तकाच्या पाठीवरून खालपर्यंत फिरला. मामी नुसत्या म्हणाल्या, "कापड छान निवडलंत."

घरी येऊन त्या खिडकीपाशी बसल्या आणि वाचू लागल्या. मामांनी एक चांगली धडधाकट खुर्ची उलटी केली आणि तिचा पाय दुरुस्त करायला घेतला. मध्येच मामींचं पान उलटायचं थांबे, तसा मामांच्या हातातला हातोडा थांबे. एकदा त्यांनी चहा केला. मामींनी कप घेतला, पण नजर पुस्तकातून काढली नाही. एकदा त्या हसल्या, अगदी बारीक. मामांनी विचारलं, "काय?" तर म्हणाल्या, "काही नाही, यातला बाप तुमच्यासारखाच रद्दीसुद्धा घडी घालून ठेवतो." बाहेर समुद्राचा आवाज नेहमीसारखा येत होता. इतकी वर्षं त्या आवाजाशी मामा एक शब्द बोलले नव्हते, पण त्या दुपारी त्यांनी मनात त्याला सांगितलं, आजचा दिवस गप्प बस बाबा.

उन्हं कलली तेव्हा मामींनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं."

"कसं आहे?"

"पाळकसाहेबांना आवरतं घेता येत नाही. चर्चमध्येही नाही आणि इथंही नाही. पण बरं लिहिलंय." त्यांनी शेवटची कोरी पानं एकेक करून उलटली. "ही कशाला घातलीत?"

"जाडी भरायला. पुठ्ठा आधी बेतून ठेवला होता."

"अहो, मी घडीवाली आहे," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. "फर्म्याच्या तळाचा आकडा पाहिल्याशिवाय माझं बोट पुढं सरकत नाही. चौदा आहेत. पंधरावा कुठाय?"

"चौदाच आहेत."

"पंधरा आहेत."

"तुला काय माहीत?"

"कारण शेवट मी वाचलाय. हा वाचलाय, आणि याच्या आधीचाही."

मामांच्या हातात खुर्चीचा पाय होता तो तसाच राहिला. पाळकसाहेबांचं ते 'एक माणूस', त्यांचं ते पाहत राहणं, सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं.

"तू?" ते म्हणाले. "तू सांगितलंस त्यांना मारायला?"

"मी सांगितलं, खोटं लिहू नका. तुम्ही कामावर होतात. बिचारे एवढी चळत घेऊन आले, म्हणाले, वाच, तुला बरं वाटेल. मी वाचलं. पोरं परत येतात, मी धावत सुटते, तुम्ही खळीच्या हातांनी त्याला मिठी मारता. मला काही बरं वाटलं नाही हो. मला त्यांचा राग आला."

"पण कडी?" मामांचा आवाज फुटला. "मागच्या दाराची कडी तू अजून..."

"ती तुमच्यासाठी," मामी म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी एकदा लावली होती मी. तुम्हाला वाटलं मला झोप लागलीय. तुम्ही उठलात, आवाज न करता ती काढलीत आणि येऊन भिंतीकडे तोंड करून रडलात. तेव्हा म्हटलं, राहू दे उघडी. चोर येऊन काय नेणार, तुमची खळ?"

मामांना हसू फुटलं. "मी तर तुझ्यासाठी... मला वाटलं, कडी चुकून लागली तुझ्याकडून, तू वाट बघतेस, म्हणून मी..."

"माहितीय मला."

"मग बोलली का नाहीस? नऊ वर्षं!"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

मामांनी उलटी खुर्ची सरळ केली. मग त्यांनी आपलं शेवटचं, जपून ठेवलेलं बोलणं बाहेर काढलं. "पण कुलूप लावलं होतं ना गं त्यांनी. ज्याला मरायचंय तो सायकलीला कुलूप लावतो का?"

"नाही लावत," मामी म्हणाल्या. "मरायचं नव्हतंच त्यांना. आणि पळूनही जायचं नव्हतं. पळून जाणारं पोर सायकल सोडून देतं, नाही तर विकून खातं. कुलूप लावलं, कारण जेवायच्या वेळेला ती सायकल परत घरी आणायची होती. तो परत येणारच होता हो. त्याला येता आलं नाही."

मामांनी हातोडा खाली ठेवला.

"तुम्ही म्हणता, कुठंतरी कामाला लागला असेल. म्हणजे जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि नऊ वर्षांत एकदा आईबापांची विचारपूस करावीशी वाटली नाही. असं होतं का आपलं पोर? तसं धरून मला एक दिवस काढता आला नसता. तो आपल्याला टाकून गेला नाही. एवढं मला धरू द्या. तुम्हीही धरा."

मग मामांना जे रडू आलं ते भिंतीकडे तोंड करून नव्हतं. मामींनी त्यांना रडू दिलं. पदरानं त्यांचा चेहरा पुसला, खळीचा वास आला तसं नाक मुरडलं, आणि म्हणाल्या, "काढा आता तो."

"काय?"

"फर्मा. पिशवीत असेल. तुमच्यानं तो फेकवणार नाही."

मामांनी पिशवी आणली. मामींनी टेबल पुसून कोरडं केलं आणि कागद पसरला. गुंडाळीमुळे तो सारखा वळत होता, त्याला हातांनी थोपटून निजवलं. अंगठ्याचा काळा डाग पाहिला. घडी घालायची हाडाची जुनी पट्टी त्यांनी फडताळातून काढली. ती त्यांनी इतकी वर्षं कुठं ठेवली होती ते मामांना ठाऊकही नव्हतं. कोपऱ्याला कोपरा. एक घडी, आडवी दुसरी, मग तिसरी. बोटं आता वाकडी झाली होती, वेळ लागला, पण तळाचा पंधराचा आकडा बरोबर जागेवर येऊन बसला. मामांनी घडीला हात लावून पाहिला. दुसऱ्यांदा लावावा लागला नाही.

मग मामांनी मागचा पुठ्ठा हलक्या हातानं सोडवला, कोरी पानं उसवून काढली आणि त्या जागी पंधरावा फर्मा शिवला. पुस्तकाच्या कडा आधीच कापल्या गेल्या होत्या, त्यामुळे नवा फर्मा तीन बाजूंनी थोडा बाहेर डोकावत राहिला. "सोमवारी कापून आणतो सारखा," मामा म्हणाले.

"नको," मामी म्हणाल्या. "असू दे तसाच. वाचा."

घड्यांचे जोड मामांनी भाजीच्या सुरीनं फाडले आणि शेवटची सोळा पानं मोठ्यानं वाचली. वाचायची सवय नव्हती, ते अडखळत होते. गुहेपाशी आल्यावर जरा थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचू लागले. दफन आलं, घंटा आली, पायी चालणारं गाव आलं. मामी डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या, चर्चमध्ये बसतात तशा. शेवटी दोघंही 'आमेन' म्हणाली, तसं कुणी सांगितलं नव्हतं तरी. पुठ्ठ्याला पुन्हा खळ लावून मामांनी पुस्तकावर इस्त्री ठेवली, वजनाला.

"कडी मी लावतो," ते म्हणाले आणि मागच्या दाराकडे गेले.

कडी सरकेना. खाऱ्या हवेत राहून राहून ती गंजून एकजीव झाली होती. मामांनी जोर लावला, शिवी हासडता हासडता रविवार असल्याचं आठवून थांबले. मामी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन आल्या, दोन थेंब सोडले.

"दार गुडघ्यानं दाबून धर," मामा म्हणाले. मामींनी धरलं. मामांनी दोन्ही हातांनी रेटली तशी ती किरकिरत एकदाची बसली.

काम झालं होतं. तरी दोघंही तिथून लगेच हलली नाहीत. दाराला कान लावल्यासारखी जरा वेळ उभी राहिली, कुणी बाहेरून वाजवलं असतं तर ऐकू यावं म्हणून.